ब्रिटनचे सप्टेंबर २०२२ चे ‘मिनी बजेट’ आणि त्याचे पडसाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केलेल्या करकपातीविषयी वाचकांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभीचे प्रश्न ओळखीपुरते आहेत, नंतरचे अधिक खोलात जाणारे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व रकमा पौंडांत आहेत. १ अब्ज म्हणजे १०० कोटी.

१. ज्याला ‘मिनी बजेट’ म्हणतात, तो खरोखरचा अर्थसंकल्प होता का?

नव्हता. अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी संसदेत केलेले ते एक निवेदन होते आणि सरकारने त्याला ‘ग्रोथ प्लॅन’ असे नाव दिले होते. ‘मिनी बजेट’ हे वृत्तपत्रांनी रूढ केलेले नाव. हा भेद केवळ नावापुरता नाही. रीतसर अर्थसंकल्पासोबत स्वतंत्र संस्थेचे आर्थिक अंदाज प्रसिद्ध होतात, निवेदनासोबत ते द्यावेच लागतात असे नव्हते, आणि सरकारने नेमकी हीच पळवाट वापरली (प्रश्न ४ पाहा). गंमत अशी की नावात ‘मिनी’ असलेल्या या निवेदनातील करकपात १९७२ मधील अँथनी बार्बर यांच्या अर्थसंकल्पानंतरची सर्वांत मोठी होती.

२. त्यात नेमके काय जाहीर झाले होते?

वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक उत्पन्नावर लागणारा ४५ टक्क्यांचा सर्वोच्च प्राप्तिकर दर रद्द करणे, प्राप्तिकराचा मूळ दर एप्रिल २०२३ पासून २० वरून १९ टक्के करणे, आधीच्या सरकारने राष्ट्रीय विमा वर्गणीत केलेली सव्वा टक्क्याची वाढ मागे घेणे, कंपनी कर १९ वरून २५ टक्के करण्याचा ठरलेला निर्णय रद्द करणे आणि घरखरेदीवरील मुद्रांक शुल्काची करमुक्त मर्यादा सव्वा लाखावरून अडीच लाख पौंडांपर्यंत नेणे, हे त्यातील प्रमुख निर्णय. बँक अधिकाऱ्यांच्या बोनसवर असलेली मर्यादा उठवण्याची घोषणाही त्यातच होती. २०२६-२७ पर्यंत या करकपातीचा बोजा वर्षाला सुमारे ४५ अब्ज पौंड होईल, असा सरकारचाच हिशेब होता.

त्याआधी पंधरा दिवस, म्हणजे ८ सप्टेंबरला, सामान्य कुटुंबाचे वार्षिक वीज-गॅस बिल दोन वर्षे २,५०० पौंडांच्या आसपास राखण्याची हमी सरकारने दिली होती. घरे आणि उद्योग मिळून या मदतीचा पहिल्या सहा महिन्यांचा खर्च ६० अब्ज पौंड धरला होता. करकपातीचा आकडा पाहताना हा खर्च विसरला जातो. रोखेबाजार, म्हणजे सरकारी कर्जाचे कागद (रोखे) जिथे विकले-घेतले जातात तो बाजार, मात्र तो विसरला नव्हता.

३. कर कमी झाले तर बाजाराला आनंद व्हायला हवा. मग बाजार घाबरला का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘बाजार’ म्हणजे कोण, यात दडलेले आहे. कंपनी कर कमी झाल्याने शेअर बाजारातील गुंतवणूकदार कदाचित सुखावेल. पण येथे प्रश्न सरकारला कर्ज देणाऱ्याचा होता. कर्ज देणारा दोनच गोष्टी पाहतो : पैसे परत मिळतील का, आणि मिळतील तेव्हा त्यांचे मोल किती उरले असेल.

ब्रिटनचे सरकार पैसे बुडवील, अशी भीती फारशी कोणाला नव्हती. भीती दुसऱ्या गोष्टीची होती. ऑगस्ट २०२२ मध्ये महागाईचा दर ९.९ टक्के होता. तो खाली आणण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने निवेदनाच्या आदल्याच दिवशी व्याजदर १.७५ वरून २.२५ टक्क्यांवर नेला होता आणि आपल्याकडील सरकारी रोखे विकायला काढण्याचे ठरवले होते. मध्यवर्ती बँक ब्रेक दाबत असताना सरकारने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला, तर बँकेला व्याजदर आणखी वाढवावे लागणार, हे उघड होते. त्यातच निवेदनासोबत सरकारी कर्जविभागाने चालू वर्षातील रोखेविक्रीचे लक्ष्य ६२.४ अब्जांनी वाढवून १९३.९ अब्जांवर नेले. म्हणजे बाजारात येणारा माल वाढला आणि एरवीचा मोठा गिऱ्हाईक, अर्थात मध्यवर्ती बँक, स्वतःच विक्रेता झाली.

माझ्या मते निर्णायक ठरली ती रक्कम नव्हे, तर हिशेब न दाखवता उसनवारी करण्याची वृत्ती. राष्ट्रीय विमा आणि कंपनी कर यांविषयीची आश्वासने ट्रस यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत उघडपणे दिली होती. ती बाजाराने बऱ्याच अंशी गृहीत धरलेली होती. ४५ टक्क्यांचा दर जाणार, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यावर कडी म्हणजे रविवारी, २५ सप्टेंबरला, अर्थमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवर आणखी करकपात येणार असल्याचे सूचित केले. सोमवारी बाजार उघडला तो याच वाक्यावर.

४. ‘ओबीआर’ ही काय संस्था आहे, आणि तिचे अंदाज नसल्याने एवढे काय बिघडले?

‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ ही २०१० मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे. सरकारच्या धोरणांमुळे तूट, कर्ज आणि विकासदर यांचे काय होईल, याचा अंदाज ती प्रसिद्ध करते. तो अंदाज नेहमी अचूक ठरतो असे नाही. पण आकडे सरकारच्या सोयीने रंगवलेले नाहीत, एवढी खात्री त्यातून मिळते. क्वार्टेंग पदावर आले त्याच दिवशी संस्थेने त्यांच्याकडे अंदाजाचा मसुदा पाठवला होता आणि तो अद्ययावत करून देण्याची तयारीही दाखवली होती. अर्थमंत्र्यांनी तो मागवला नाही. त्याच सुमारास अर्थ मंत्रालयाचे सर्वोच्च सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांनाही पदावरून दूर करण्यात आले होते. कर्ज मागायला आलेल्या माणसाने जमाखर्चाची वही घरी ठेवली आणि मुनिमालाही काढून टाकले, तर सावकार त्याचा जो अर्थ काढील, तोच रोखेबाजाराने काढला.

५. पौंड किती घसरला?

सोमवारी, २६ सप्टेंबरच्या पहाटे, आशियातील व्यवहारांत पौंड १.०३ ते १.०४ डॉलरच्या दरम्यान गेला. डॉलरच्या तुलनेत हा त्याचा नीचांक होता. १९८५ मधील नीचांकही त्याने मोडला. त्या काळात अमेरिकी मध्यवर्ती बँक झपाट्याने दर वाढवत असल्याने बहुतेक सर्वच चलने डॉलरपुढे वाकलेली होती, त्यामुळे संपूर्ण घसरणीचे खापर निवेदनावर फोडणे योग्य नाही. मात्र त्या दोन-तीन दिवसांतील घसरण ब्रिटनची स्वतःची होती. व्याजदर वाढत असताना चलन सहसा बळकट होते. येथे रोख्यांवरील परतावा वाढत असताना पौंड पडत होता. हे लक्षण चांगले मानले जात नाही.

६. रोख्याची किंमत पडली की व्याजदर वाढतो, हे उलटे गणित कसे?

तीस वर्षांनी १०० पौंड देणारा आणि मध्ये काहीही न देणारा एक रोखा समजा. वर्षाला ३.५ टक्के परतावा हवा असेल, तर आज त्यासाठी सुमारे ३५ पौंड ६० पेन्स मोजावे लागतील. बाजाराने ५ टक्के मागायला सुरुवात केली, तर त्याच रोख्याला सुमारे २३ पौंड १५ पेन्स एवढेच मिळतील. शेवटी मिळणारे १०० पौंड तेच, सरकारही तेच, पण आज तो विकणाऱ्याचे ३५ टक्के भांडवल गेले. दर दीड टक्क्याने वाढला एवढेच ऐकले तर किरकोळ वाटते. दीर्घ मुदतीच्या रोख्यात तो एवढा घाव घालतो.

प्रत्यक्षात ब्रिटनच्या ३० वर्षीय रोख्यावरील परतावा निवेदनाच्या आदल्या दिवशी ४ टक्क्यांच्या खाली होता आणि २८ सप्टेंबरच्या सकाळी ५ टक्क्यांच्या वर गेला. चार दिवसांतील ही वाढ २००० सालापासूनच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या वाढीच्या दुपटीहून अधिक होती.

७. पेन्शन फंड खरोखर बुडायला आले होते का? त्यांचा याच्याशी काय संबंध?

निवृत्तांना ठरलेली पेन्शन देण्याची हमी असलेल्या ब्रिटिश खासगी योजनांपुढे एक जुनी अडचण आहे : देणी चाळीस-पन्नास वर्षांपर्यंत पसरलेली असतात आणि व्याजदर पडले की त्यांचे आजचे मूल्य फुगते. त्यावर उपाय म्हणून ‘एलडीआय’ (लायबिलिटी-ड्रिव्हन इन्व्हेस्टमेंट, म्हणजे देण्यांनुसार गुंतवणूक) नावाची पद्धत रूढ झाली. देण्यांच्या मुदतीशी जुळतील असे दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घ्यायचे. पण सर्व पैसा त्यात अडकवायचा नाही, तर रोखे तारण ठेवून कर्ज काढायचे आणि उरलेला पैसा शेअरसारख्या अधिक परताव्याच्या गुंतवणुकीत ठेवायचा. व्याजदर सावकाश हलत होते तोवर हे ठीक चालले.

२३ सप्टेंबरनंतर तारण ठेवलेल्या रोख्यांचीच किंमत कोसळली. कर्ज देणाऱ्या बँकांनी आणखी तारण मागितले. हातात रोकड नसलेल्या फंडांनी ती उभी करण्यासाठी जे लगेच विकले जाईल ते विकायला काढले, आणि लगेच विकले जाणारे म्हणजे पुन्हा तेच सरकारी रोखे. विक्रीने किंमत आणखी पडली, म्हणून आणखी तारणाची मागणी आली, म्हणून आणखी विक्री. अनेक लहान योजनांचा पैसा एकत्र गुंतवणाऱ्या सामायिक फंडांत स्थिती अधिक बिकट होती, कारण प्रत्येक योजनेच्या विश्वस्तांकडून मंजुरी आणि पैसा येईपर्यंत दिवस जात होते. बाजार तासांत हलत होता.

त्यामुळे काटेकोर उत्तर असे : पेन्शन योजना दिवाळखोर होत नव्हत्या, त्यांच्या वतीने रोखे सांभाळणारे फंड रोकडीअभावी कोसळण्याच्या बेतात होते. या दोन गोष्टींतील फरक प्रश्न १३ मध्ये आहे.

८. महागाई दहा टक्क्यांजवळ असताना बँक ऑफ इंग्लंडने रोखे विकत घेऊन पैसा ओतला, हा विरोधाभास नाही का?

दिसायला आहे. म्हणूनच बँकेने हा हस्तक्षेप पतधोरणाचा भाग नसून वित्तीय स्थैर्यासाठी आहे, असे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले आणि त्याला दोन कुंपणे घातली : मुदतीचे आणि रकमेचे. २८ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर या काळातील कामकाजाच्या १३ दिवसांत रोज कमाल ५ अब्ज, म्हणजे एकूण कमाल ६५ अब्ज पौंडांचे दीर्घ मुदतीचे रोखे घेण्याची तयारी तिने जाहीर केली. घोषणा होताच ३० वर्षीय परतावा काही तासांत ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास उतरला. पुढे रोजची मर्यादा १० अब्ज करण्यात आली आणि महागाईशी निगडित रोखेही त्यात घेतले गेले. प्रत्यक्ष खरेदी झाली ती १९.३ अब्जांचीच. नोव्हेंबर २०२२ अखेरपासून जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत हे सर्व रोखे विकून टाकण्यात आले, तेही खरेदीपेक्षा चढ्या भावाने.

मुदत कडक ठेवण्यामागे कारण होते. बँक कायम पाठीशी आहे असे वाटले असते, तर फंडांनी कर्ज कमी करण्याची घाई केली नसती आणि सरकारनेही आपला निर्णय बदलण्याची. ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टन येथे बोलताना गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी फंडांना तीनच दिवस उरल्याची जाणीव करून दिली. त्या बोलण्याने पौंड पुन्हा घसरला, पण मुदत वाढली नाही.

९. गृहकर्ज घेणाऱ्या सामान्य माणसावर काय परिणाम झाला?

ब्रिटनमध्ये दोन किंवा पाच वर्षांसाठी स्थिर दराचे गृहकर्ज घेण्याची पद्धत आहे आणि हे दर बाजारातील व्याजदरांच्या अंदाजावर ठरतात. तो अंदाजच तासागणिक बदलू लागल्याने बँकांनी शेकडो कर्जयोजना एकाएकी मागे घेतल्या. दोन वर्षांच्या स्थिर कर्जाचा सरासरी दर २३ सप्टेंबरला ४.७४ टक्के होता. २० ऑक्टोबरला तो ६.६५ टक्क्यांवर पोहोचला. २५ वर्षांच्या मुदतीच्या २ लाख पौंडांच्या कर्जावर याचा अर्थ महिन्याचा हप्ता सुमारे १,१४० वरून सुमारे १,३७० पौंड होणे. ज्यांचा स्थिर दराचा काळ नेमका त्या आठवड्यांत संपत होता, त्यांना ही वाढ थेट सोसावी लागली. ज्यांचा स्थिर दराचा काळ अजून चालू होता, त्यांना तेव्हा लगेच काही झाले नाही. रोखेबाजाराची भाषा न समजणाऱ्या मतदारालाही हप्त्याची भाषा समजते, आणि राजकीय परिणाम येथूनच सुरू झाले.

१०. सरकारने माघार कशी घेतली?

टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक वेळी उशिरा. बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे अधिवेशन सुरू असताना २ ऑक्टोबरच्या सकाळी पंतप्रधानांनी मुलाखतीत ४५ टक्क्यांचा दर रद्द करण्याच्या निर्णयाचे समर्थन केले, तो निर्णय अर्थमंत्र्यांचा होता असेही सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला गेला. या एका कलमाची किंमत वर्षाला सुमारे २ अब्ज, म्हणजे एकूण पॅकेजचा अगदी लहान अंश होता. त्यामुळे माघारीने तूट फारशी कमी झाली नाही. सरकार दबावापुढे वाकते, एवढेच सर्वांना कळले.

वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या बैठकांसाठी गेलेले क्वार्टेंग दौरा अर्धवट सोडून परतले आणि १४ ऑक्टोबरला, पदावर आल्यानंतर ३८ दिवसांनी, त्यांना काढण्यात आले. त्याच दिवशी कंपनी कराची वाढ पुन्हा लागू झाली. नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी १७ ऑक्टोबरला उरलेले बहुतेक निर्णय गुंडाळले. वर्षाला सुमारे ३२ अब्ज पौंडांची करकपात रद्द झाली आणि वीज-गॅस बिलांची सरसकट हमीही दोन वर्षांऐवजी एप्रिलपर्यंतच ठेवण्यात आली. १९ ऑक्टोबरला गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी राजीनामा दिला, त्याच संध्याकाळी एका मतदानावरून संसदेत गोंधळ झाला, आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी पद सोडण्याची घोषणा केली. उन्हाळ्यातील पक्षांतर्गत लढतीत ५७.४ टक्के मते मिळवून त्यांनी ज्यांना हरवले होते, ते ऋषी सुनक २५ ऑक्टोबरला पंतप्रधान झाले.

११. ट्रस यांची कारकीर्द कुठे ४४, कुठे ४५, तर कुठे ४९ दिवसांची दिली जाते. बरोबर काय?

सर्वच, मोजण्याच्या पद्धतीनुसार. ६ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर हे ४४ दिवसांचे अंतर आहे आणि दोन्ही दिवस धरले तर घोषणेचा दिवस ४५ वा. पण घोषणा म्हणजे पद सोडणे नव्हे. त्या २५ ऑक्टोबरपर्यंत पदावर होत्या, म्हणून पूर्ण कारकीर्द ४९ दिवसांची. यापूर्वीचा सर्वांत कमी कारकीर्दीचा विक्रम जॉर्ज कॅनिंग यांच्या नावावर होता. ते १८२७ मध्ये ११९ दिवसांनी पदावर असतानाच मरण पावले.

१२. मिनी बजेटमधील काहीच टिकले नाही का?

हा एक सर्रास गैरसमज आहे. राष्ट्रीय विमा वर्गणीतील वाढ रद्द झाली ती झालीच. मुद्रांक शुल्कातील सवलतही टिकली, मात्र नंतर तिला ३१ मार्च २०२५ ही अखेरची तारीख लावण्यात आली. बँक अधिकाऱ्यांच्या बोनसवरील मर्यादा तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर प्रत्यक्षात उठली. त्यावर बाजाराने भुवईही उंचावली नाही.

नुकसानीचा म्हणून जो ३० अब्ज पौंडांचा आकडा फिरतो, त्याकडेही या उत्तराच्या आधारे पाहावे. ‘रिझोल्यूशन फाउंडेशन’ या संस्थेच्या त्या अंदाजातील सुमारे २० अब्ज हे टिकलेल्या याच करकपातीचे होते आणि महागलेल्या कर्जाचा वाटा सुमारे १० अब्जांचा होता. ‘३० अब्ज बाजाराने बुडवले’ असे म्हणणे म्हणून चुकीचे आहे.

१३. या गोंधळात पेन्शन योजनांची स्थिती उलट सुधारली, असे वाचले. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे आणि खरेही आहे. परतावा दर वाढले की भविष्यातील देण्यांचे आजचे मूल्य कमी होते. बहुतेक योजनांची देणी त्यांच्या मालमत्तेपेक्षा अधिक वेगाने घटली, त्यामुळे ताळेबंदातील तूट आकुंचन पावली. अडचण ताळेबंदाची नव्हती, रोकडीची होती. शेतजमीन लाखोंची असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत रोख रक्कम भरायला सांगितली, तर तो श्रीमंत असूनही अडतो. फरक एवढाच की येथे अडलेल्याने घाईत विकलेल्या प्रत्येक बिघ्यामुळे उरलेल्या जमिनीचा भावही पडत होता. ज्या योजनांना पडत्या भावात रोखे विकावे लागले, त्यांचे नुकसान मात्र कायमचे झाले.

१४. मग दोष सरकारचा की बँक ऑफ इंग्लंडचा?

ट्रस यांनी नंतर सातत्याने बँकेकडे बोट दाखवले आहे : एलडीआयचा धोका नियामकांनी वेळीच ओळखला नाही, आणि तो आपल्याला कोणी सांगितलाही नाही. यातील पहिला भाग निराधार नाही. त्या काळातील रोख्यांच्या किमतीतील किमान निम्मी घसरण एलडीआय फंडांच्या विक्रीमुळे झाली, असे बँकेच्याच संशोधकांनी नंतर मांडले. नियामकांनी कर्जाचा भार वाढू दिला, हे मान्य करावेच लागेल.

पण गवत वाळलेले होते म्हणून काडी लावणारा निर्दोष ठरत नाही. विक्रीचे चक्र सुरू करणारा धक्का कुठून आला, हे तारखांवरून दिसते. शिवाय पौंडाची घसरण एलडीआयने समजावून सांगता येत नाही. निम्मी घसरण फंडांच्या खात्यावर टाकली तरी उरलेली कोणाच्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न ट्रस यांचे समर्थक क्वचितच घेतात.

१५. ब्रिटनचे पतमानांकन घटले का?

नाही. एस अँड पी, फिच आणि मूडीज या पतमानांकन संस्थांनी त्या काही आठवड्यांत केवळ भविष्यकालीन कल ‘स्थिर’वरून ‘नकारात्मक’ केला. मानांकन तेच राहिले.

१६. निवडणुकीवर याचा परिणाम झाला असे खात्रीने म्हणता येईल का?

संपूर्ण निकालाचे श्रेय या एकाच घटनेला देता येणार नाही. करोनाकाळातील पार्ट्यांचे प्रकरण, महागाई आणि चौदा वर्षांच्या सत्तेचा थकवा हेही होते. तरीही २९ सप्टेंबर २०२२ च्या यूगव्ह संस्थेच्या जनमत चाचणीत मजूर पक्षाची आघाडी ३३ अंकांवर गेली होती आणि आर्थिक व्यवहारात हुजूर पक्ष अधिक भरवशाचा, ही त्या पक्षाची जुनी पुण्याई नंतर परतली नाही. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्याला १२१ जागा मिळाल्या. साउथ वेस्ट नॉरफोक या एरवी सुरक्षित मतदारसंघात ट्रस स्वतः ६३० मतांनी पडल्या. नव्या सरकारने सुरुवातीच्या काही आठवड्यांतच एक कायदा आणला. मोठे करविषयक किंवा खर्चाचे निर्णय जाहीर करताना ओबीआरचे मूल्यमापन आता टाळता येत नाही. प्रश्न १ मधील पळवाट त्याने बुजवली.

१७. ३० वर्षीय रोख्याचा परतावा २०२५ मध्ये २०२२ पेक्षाही वर गेला, तेव्हा कोणी पळापळ केली नाही. मग २०२२ चा एवढा गवगवा का?

जानेवारी २०२५ मध्ये हा परतावा १९९८ नंतरच्या उच्चांकावर पोहोचला, हे खरे आहे. पण संकट पातळीमुळे नव्हे, तर वेगामुळे येते. २०२५ ची पातळी अनेक महिन्यांच्या चढणीनंतर आली होती आणि इतर देशांतही परतावे वाढत होते. दुसरे म्हणजे मधल्या काळात फंडांची तयारी बदलली होती : परतावा अचानक किमान अडीच टक्क्यांनी वाढला तरी तग धरता येईल एवढी राखीव गंगाजळी एलडीआय फंडांनी बाळगावी, अशी शिफारस बँक ऑफ इंग्लंडच्या वित्तीय धोरण समितीने मार्च २०२३ मध्ये केली. जानेवारी २०२५ मध्ये फंडांकडे तारणाची मागणी आली तेव्हा ती भागवली गेली आणि बँकेला रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावे लागले नाही.